ट्रान्सप्लांट करू की नको? डॉक्टर मॅडमना विचारा

मागच्या अंकात कोंड्यावर लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली की हेअर ट्रान्सप्लांटवर कधीतरी बोलू, तर पत्रं त्या एका ओळीवरच आली, कोंडा बिचारा बाजूला राहिला. सगळी छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढलीत. आधीच सांगते, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे पण ट्रान्सप्लांट स्वतः करत नाही, त्यामुळे तुम्ही केलं काय आणि न केलं काय, माझ्या खिशाला काही फरक पडत नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी २६ वर्षांचा आहे, हिंजवडीला आयटीत आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून दोन्ही बाजूंनी कपाळ मागे सरकतंय आणि आता वरूनही पातळ झालंय, बाथरूमच्या लाइटखाली टाळू दिसते. वडिलांना पूर्ण टक्कल, दोन्ही मामांनाही. घरी लग्नाचं बघतायत. आईने बायोडाटावर जुना फोटो टाकलाय आणि प्रत्यक्ष भेटल्यावर मुलीकडचे आधी डोक्याकडेच बघतात, निदान मला तरी तसं वाटतं. एका क्लिनिकमध्ये फ्री कन्सल्टेशनला गेलो तर तिथल्या काउन्सेलर ताईंनी कॅमेऱ्याने डोकं बघून ४,५०० ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढून लावायचे केसांचे बारीक पुंजके, लागतील म्हटलं, ग्राफ्टला ४० रुपये, पण हा रेट फक्त आजच्या बुकिंगला, बाकी ईएमआय. डॉक्टर ऑपरेशनच्या दिवशी भेटतील म्हणे. दोस्त म्हणतो करून टाक, एकदाच काय ते. करू का?
— आर., पुणे

उत्तर : आत्ता नको. आणि त्या क्लिनिकमध्ये तर अजिबातच नको.

कारण सांगते, जरा लांबेल. तुझ्या डोक्यावरचे पुढचे आणि वरचे केस डीएचटी नावाच्या हार्मोनला हळवे आहेत. ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं, सगळ्या पुरुषांत असतं, तुझ्यात काही जास्त आहे असं नाही, तुझ्या त्या भागातल्या मुळांना ते सोसत नाही एवढंच. मग दर फेरीला केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो आणि शेवटी उगवतच नाही. कानाच्या वरची आणि मागची पट्टी मात्र त्याला दाद देत नाही, म्हणून तर पूर्ण टक्कल पडलेल्या माणसालाही मागे झालर असते. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं की मागचा केस काढून पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो, म्हणजे टिकतो, आणि हा सगळा ट्रान्सप्लांटचा धंदा त्या एका गोष्टीवर उभा आहे.

पण गोम अशी आहे की यात नवा केस एकही तयार होत नाही. भाताची लावणी बघितली असशील ना, जेवढा तरवा, म्हणजे रोपं, तेवढीच खाचरं भरणार, आणि इथे तर तरवा जन्मात एकदाच मिळालाय, पुन्हा पेरता येत नाही. बहुतेकांच्या मागच्या पट्टीतून सगळी ऑपरेशनं मिळून साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट नीट निघतात, कुणाचे जास्त कुणाचे कमी, आणि त्याहून ओरबाडलं तर मागचं डोकं विरळ दिसायला लागतं. आता तुझा हिशेब कर. नॉरवूड स्केल म्हणून टकलाचं एक मोजमाप आहे, १ ते ७, तुझ्या वर्णनावरून तू तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असशील आणि वडील-मामा सहा-सातवर पोचलेत. म्हणजे तुझं गळणं थांबलेलं नाही, ते अर्ध्या वाटेत आहे. आज त्यातले ४,५०० पुढे लावून टाकलेस तर लावलेले राहतील, पण त्यांच्या मागचे तुझे मूळचे केस जातच राहणार आणि पस्तिशीत पुढे दाट पट्टी, तिच्यामागे मोकळी जागा, मग मागची झालर असं काहीतरी होऊन बसेल आणि ती मोकळी जागा भरायला हातात उरतील पाचशे ते दीड हजार. दोस्ताचं 'एकदाच काय ते' म्हणूनच पटत नाही. ट्रान्सप्लांट गळती थांबवत नाही, ही गोष्ट फ्री कन्सल्टेशनमध्ये कुणी सांगत नाही आणि सगळा निर्णय तर हिच्यावरच आहे.

मग आत्ता काय करायचं, तर आधी उरलेले केस वाचवायचे. त्यासाठी दोन औषधं आहेत जी खरोखर काम करतात आणि गंमत म्हणजे दोन्ही केसांसाठी शोधलेली नव्हती. मिनॉक्सिडिल ही ब्लड प्रेशरची गोळी होती, घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे डोक्याला लावून बघू. फिनास्टेराइड प्रोस्टेटसाठी आलं, मग १९९७ मध्ये कमी डोसमध्ये, १ मिलिग्रॅम, टकलासाठी अमेरिकेत मंजूर झालं, ते डीएचटी कमी करतं. साइड इफेक्ट्स लपवत नाही. शंभरात थोड्या पुरुषांना लैंगिक इच्छा कमी होणे किंवा इरेक्शनचा त्रास होतो, बहुतेकांचा गोळी बंद केल्यावर जातो पण काहींचा रेंगाळल्याचंही नोंदलं गेलंय, आणि मूड खाली जाणे, डिप्रेशन, क्वचित आत्महत्येचे विचार हाही इशारा आता या औषधाबरोबर येतो, तेव्हा आधी कधी डिप्रेशन झालं असेल तर डॉक्टरला सांगायलाच हवं. लग्न ठरवतोयस तर मूल कधी हवंय हेही डॉक्टरशी बोल. मेडिकलमधून मित्राच्या चिठ्ठीवर घ्यायची गोळी नाही ही. मिनॉक्सिडिल लावलं की पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, घाबरून बंद करू नको, ते अपेक्षित असतं. आणि दोन्ही औषधं घेता तोवरच चालतात, सोडली की वर्षभरात परत जिथल्या तिथे.

वर्षभर हे कर, दर तीन महिन्यांनी एकाच जागी एकाच लाइटमध्ये फोटो काढ. गळती थांबलीय असं फोटोत दिसलं की मग ट्रान्सप्लांटचा विचार, तोही कमी ग्राफ्टचा आणि कपाळाची रेषा जरा वरच ठेवून. सोळाव्या वर्षीची हेअरलाइन मागू नको, पन्नाशीत ती तुझ्या चेहऱ्यावर विचित्र दिसेल.

आता क्लिनिकबद्दल. सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने स्पष्ट सांगितलंय की वर्कशॉपला बसून किंवा यूट्यूब बघून कुणी हेअर ट्रान्सप्लांटचा डॉक्टर होत नाही, रीतसर शिक्षण लागतं, म्हणजे त्वचारोगातलं एमडी किंवा प्लास्टिक सर्जरीसारखं. काउन्सेलर ताई गोड बोलत असतील पण त्यांचं काम बुकिंग करणं आहे. तुझं डोकं डॉक्टरने हाताने बघायला हवं, मागची पट्टी किती दाट आहे, केस जाड आहे की रेशमासारखा, गळती नेमकी कसली आहे, हे सगळं बघून मग आकडा. भेटलास की थेट विचार : चिरा कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार, तुम्ही पूर्ण वेळ खोलीत असाल का, दिवसाला किती ऑपरेशनं घेता. आणि ४,५०० ग्राफ्ट म्हणजे ग्राफ्टच ना की केस, तेही विचार, कारण एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोन, आणि काही ठिकाणी केस मोजून ग्राफ्टचा आकडा सांगतात. पैशाचं म्हणशील तर ४,५०० गुणिले ४० म्हणजे १,८०,००० झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी, कारण दिसण्यासाठी केलेलं ट्रान्सप्लांट आरोग्यसेवेच्या सवलतीत बसत नाही, एकूण २,१२,४००. मेडिक्लेममध्ये एक रुपया मिळत नाही. आणि 'आजच बुकिंग' म्हणणाऱ्याकडे तर मी साधा मिक्सरही घेणार नाही.

लग्नाबद्दल एवढंच की बायोडाटावरचा फोटो बदल, आत्ताचा टाक. केस बारीक कापून, दाढी नीट ठेवून एखादा चांगला फोटो काढ, लांब केस फिरवून झाकाझाकी केली की पातळपणा उलट जास्त दिसतो. जिला टक्कल चालणार नाही ती फोटोतच नाही म्हणेल, चहा-पोहे वाचतील दोघांचे.

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला आहे. पुढचे केस कमी झालेत म्हणून टोपीशिवाय बाहेर पडत नाही, कॉलेजही बुडवतो. मी माका, जास्वंद घालून तेल करते, कांद्याचा रस लावून झाला, मुलगा वासाने वैतागला. टीव्हीवरची बायोटिनची गोळी चालू आहे. आता म्हणतो ऑपरेशन करा नाहीतर मी कॉलेजला जात नाही. यांचे पीएफचे पैसे काढायचे का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, पीएफला हात लावू नका. विसाव्या वर्षी कुठलाही शहाणा सर्जन हे ऑपरेशन करणार नाही, वर पुण्याच्या मुलाला जे सांगितलं तेच इथे दुप्पट लागू आहे. तेल लावायला हरकत नाही, डोकं शांत वाटतं, पण त्याने गेलेला केस परत येत नाही. आपल्याकडच्या औषध नियमांत शेड्यूल जे म्हणून यादी आहे, त्यातल्या आजारांवर औषध बरं करतं असा दावा करायलाच बंदी आहे आणि त्या यादीत टक्कल आहे. तरी जाहिराती चालूच, ते असो. कांद्याच्या रसाने टाळू भाजल्यासारखी लाल झालेली मुलं मी बघितलीत, तो बंद करा. बायोटिन या जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे फारशी नसते, आणि जास्त डोसमुळे थायरॉइडच्या रक्त तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात म्हणून तपासणीआधी लॅबला सांगा.

मला केसांपेक्षा त्याच्या कॉलेज बुडवण्याची काळजी वाटते. घरात कुणी टकल्या वगैरे म्हणत असेल, काका, आतेभाऊ, कुणीही, गंमतीतसुद्धा, तर ते आजपासून बंद. त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या आणि खोलीत त्याला एकट्याला बोलू द्या. टोपी तरीही सुटली नाही, झोप-जेवण बिघडलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका.

प्रश्न : वय ४१, बँकेत नोकरी. मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला, दिवाळीच्या सुमारास केस पुंजक्याने गळायला लागले. आता भांग रुंद झालाय. पार्लरमधल्या मुलीने तिच्या ओळखीच्या क्लिनिकचं कार्ड दिलं, तिथे १,५०० ग्राफ्ट सांगितले. बायकांचं करतात का असं?
— ठाणे

उत्तर : करतात, पण फार थोड्या बायकांचं, आणि तुमचं तर बहुतेक गरजेचंच नाही. जोरात ताप, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळतात, कारण तापाच्या वेळी बरेच केस एकदम विश्रांतीत गेलेले असतात आणि ते सगळे एकत्र सुटतात. मुळं जिवंत असतात. सहाएक महिन्यांत गळणं थांबतं आणि भरून यायला आणखी वेळ लागतो. तोवर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी-१२ बघून घ्या, पाळीत जास्त जात असेल तर फेरिटिन तळाला गेलेलं असतं बघा.

भांग मात्र तापाच्या आधीपासून रुंद होत असेल तर बायकांमधलं आनुवंशिक पातळ होणं त्यात मिसळलेलं असू शकतं. त्यात बऱ्याचदा मागची बाजूही पातळ असते, म्हणजे जिथून काढायचे तिथलेच केस कच्चे, लावून काय उपयोग? आधी डर्मोस्कोपी, म्हणजे भिंगाखाली टाळूची तपासणी, करून निदान, मग मिनॉक्सिडिल वगैरे. पार्लरचं कार्ड परत देऊन टाका.

प्रश्न : आमच्या भागात मध्यंतरी लोकांचे तीन दिवसांत केस जात होते, टीव्हीवर तुम्ही बघितलं असेल. माझ्या भावाचेही गेले होते, आले आहेत पण आधीसारखे नाहीत. अकोल्याला ट्रान्सप्लांट करावं का?
— शेगाव तालुका

उत्तर : बघितलं ना. डिसेंबर २०२४ अखेरीस आणि जानेवारीत बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून बातम्या यायला लागल्या, केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) टीमही आली होती. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी स्वतः तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं, लोकांच्या अंगात सेलेनियम वाढलेलं आणि झिंक कमी. पुढे काहींची नखंही खराब झाली. भावाला सांगा, परत आलेला केस म्हणजे मूळ जिवंत आहे. अशा डोक्यावर ट्रान्सप्लांट करत नाहीत, ते फक्त कायमच्या, ठरावीक आकारात पडणाऱ्या टकलासाठी किंवा जुन्या जखमेच्या, भाजल्याच्या व्रणासाठी. चाईचंही तेच, गोल चकती पडली म्हणून ट्रान्सप्लांट केलं तर लावलेलेही केस ती खाते.

प्रश्न : वय ५४. चाळिशीपासून टक्कल आहे, गेली दहा वर्षं होतं तसंच आहे, वाढत नाही. मुलीचं लग्न झालं, कर्ज फिटलं, आता स्वतःसाठी करावंसं वाटतं. बायको हसते, म्हणते आता कुणाला दाखवायचंय. शुगर आहे, तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. करता येईल?
— नागपूर

उत्तर : हसू द्या हो त्यांना. केसांच्या दृष्टीने तुम्ही या अंकातले सगळ्यात योग्य उमेदवार आहात, गळती थांबलेली, अपेक्षा माफक, पैसे स्वतःचे. प्रश्न हृदयाचा आहे. ऑपरेशन सहा-आठ तास चालतं, भूल जागेपुरती असली तरी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाबरोबर ॲड्रिनलिन मिसळतात, ते नाडी आणि बीपी वाढवू शकतं, आणि लिग्नोकेनलाही वजनाप्रमाणे मर्यादा असते. तेव्हा कार्डिओलॉजिस्टची लेखी परवानगी आधी. रक्त पातळ करणारी गोळी क्लिनिकवाल्यांनी सांगितलं म्हणून परस्पर बंद करायची नाही, स्टेंट बुजला तर केस राहतील आणि माणूस जाईल. शुगर आटोक्यात आहे का ते एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून बघा, तंबाखू-सिगारेट असेल तर सोडा.

हे घाबरवायला नाही सांगत, पण मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांचा एक व्यावसायिक ट्रान्सप्लांटनंतर दगावला, एकाच बैठकीत नऊ हजारांवर केस लावल्याच्या बातम्या होत्या आणि शंका तीव्र ॲलर्जीची होती. कानपूरला दोन इंजिनिअर गेले, ते प्रकरण २०२५ मध्ये बाहेर आलं, ऑपरेशन दातांच्या डॉक्टरने केल्याचा आरोप होता. म्हणून तुमच्यासारख्याने हे मॉलमधल्या क्लिनिकमध्ये न करता जिथे मॉनिटर, ऑक्सिजन, इमर्जन्सीची औषधं आणि ती वापरता येणारा माणूस आहे अशा हॉस्पिटललाच करावं, आणि दोन हजार ग्राफ्टच्या आत, एका दिवसात सगळं डोकं भरायची घाई नको. फक्त पुढचा भाग भरला तरी आरशात खूप फरक दिसतो, मागची टाळू तशीच राहू द्या.

प्रश्न : मी लंडनला असतो. इथले सगळे तुर्कीला जातात, हॉटेल-एअरपोर्ट पिकअपसकट पॅकेज मिळतं. का पुण्यात येऊन करू? सुट्टी दोन आठवडे.
— वय ३६

उत्तर : इस्तंबूलला चांगले सर्जनही आहेत आणि टेक्निशियनच्या हातून दिवसाला ढीगभर डोकी करणारी दुकानंही, पॅकेजच्या फोटोवरून दोन्ही सारखीच दिसतात. पुण्यालाही तेच लागू. देश कुठला यापेक्षा चीर कोण देतंय ते विचारा. सुट्टी पुरेल, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ आणि डोळे सुजतात, खपल्या दहा-बारा दिवसांत जातात. पण पुण्यात आईकडे राहाल, कुणीतरी डोकं उशीवर उंच ठेवलंय का बघेल आणि जखम चिघळली तर डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर आहे, हा माझ्या मते मोठा फायदा. फक्त गणपतीच्या सुट्टीत करू नका, ढोल पथक, गुलाल आणि घाम तिन्ही नको.

प्रश्न : मी २,२०० ग्राफ्टचं ट्रान्सप्लांट केलं, एफयूई पद्धतीने, म्हणजे एकेक ग्राफ्ट सुटा काढून. पहिले पंधरा दिवस मस्त दिसत होतं, आता पाचवा आठवडा आहे आणि लावलेले सगळे गळून गेले, डोकं आधीपेक्षा वाईट दिसतंय. क्लिनिक म्हणतं थांबा. फसवलं का?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही, यात तरी क्लिनिक खरं बोलतंय. दोन ते सहा आठवड्यांत लावलेल्या केसांची वरची काडी गळते, मूळ आत राहतं. आजूबाजूचे मूळचे काही केसही धक्क्याने गळतात म्हणून आधीपेक्षा वाईट वाटतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वेडेवाकडे केस यायला लागतील, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतील, सहाव्या महिन्यात लोक विचारायला लागतील आणि खरा निकाल वर्षाने, टाळूवर केलं असेल तर त्याहूनही उशिरा. तोवर रोज आरसा बघू नका. पू, वाढतं दुखणं, ताप किंवा कातडी काळी पडतेय असं काही असेल तर मात्र आजच दाखवा. डॉक्टरने फिनास्टेराइडची गोळी आणि मिनॉक्सिडिल चालू ठेवायला सांगितलंय का, ते पत्रात नाही लिहिलंत, नसेल सांगितलं तर पुढच्या भेटीत तोच पहिला प्रश्न विचारा.